आंपेलिस्त्राचं अंडं

नोव्हेंबर १९८९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकन वैद्यकीय साप्ताहिकाच्या पत्रांच्या सदरात कोंबडीच्या अंड्यांविषयी एक पत्र छापून आलं. लिहिणारे दोघे, आर्टेमिस सिमोपुलोस आणि नॉर्मन सेलम (ज्युनिअर). विषय मथळ्यातच उघड केलेला: ग्रीसमध्ये मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांतली ओमेगा-३ मेदाम्लं. छोटंसं पत्र आणि त्यात एक तक्ता. हृदयविकार, शस्त्रक्रिया, नवी औषधं यांच्यावरचे भारदस्त लेख वाचून थकलेला डॉक्टर ज्या पानावर फार रेंगाळणार नाही, तिथली ही जागा.

रसग्रहण म्हटलं की आपल्याला कविता आठवते, फार तर कथा. आकड्यांच्या तक्त्याचं रसग्रहण करायला बसलेल्या माणसाकडे लोक जरा काळजीनंच बघणार. तरी हा तक्ता मला वाचनीय वाटतो, कारण त्यात दोन अंडी समोरासमोर ठेवलेली आहेत आणि त्यांच्याबद्दल बोलायचं काम लेखकांनी बहुतांशी आकड्यांवर सोपवलं आहे. पुढे या तक्त्यातला एकच आकडा जगभर गाजला. माझ्या मते तो त्यातला सगळ्यात कमी रसाचा आकडा आहे. खरा ऐवज बाकीच्या ओळींमध्ये आहे आणि त्या सहसा कोणी वाचत नाही.

आधी लेखकांविषयी थोडं. सिमोपुलोसबाई मूळच्या ग्रीसच्या. अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत त्यांनी काम केलं आणि आहारातली मेदाम्लं हा त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला. सेलम हे मेदाम्लांच्या रसायनशास्त्रातले जाणकार. याच जोडीचं याच साप्ताहिकात तीन वर्षं आधी, १९८६ मध्ये, आणखी एक पत्र आलं होतं आणि ते चक्क घोळाच्या भाजीवर होतं. आपलीच घोळ. निंदणी करताना बायका उपटून बांधावर फेकतात किंवा चांगली निवडून घरी नेतात, ती. लालसर, गुबगुबीत देठ जमिनीलगत पसरलेले. पान बोटात चिरडलं तर पाणी सुटतं, जिभेवर ठेवलं तर किंचित आंबट लागतं. डाळ घालून केलेली तिची पातळ भाजी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना जास्त सांगायला नको. तोवर ओमेगा-३ म्हटलं की मासे, अशी समजूत घट्ट होती. जमिनीवरच्या, तेही तणात जमा झालेल्या पाल्यात ते इतकं असू शकतं, हे त्या पत्रानं दाखवलं. पुढच्या मोजणीत घोळाच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० ते ४०० मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल आढळलं. पालेभाजीच्या मानानं हे भरपूरच.

ही दोन पत्रं पाठोपाठ वाचली की दुसरं पहिल्याचा उत्तरार्ध वाटतं. पहिल्यात पान आहे. दुसऱ्यात ते पान खाणारी कोंबडी.

ही कोंबडी ग्रीसमधल्या आंपेलिस्त्रा नावाच्या शेतावरची. ते नाव सिमोपुलोसबाईंच्या पुढच्या लेखनात येतं. तिच्या खाण्याची यादी वाचताना आपल्याकडचं एखादं परसच डोळ्यांपुढे उभं राहतं: गवत, घोळ, किडे, अळ्या, पडलेली आणि सुकलेली फळं, त्यात अंजीर, आणि थोडासा मका. सुके अंजीर टिपणारी कोंबडी आपल्याला चैनीची वाटेल, पण तिकडे अंजिराच्या झाडाखाली ते पडलेलेच असतात. तिच्यासमोर ठेवलेलं दुसरं अंडं अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधलं. त्याची कोंबडी पत्रात कुठेच दिसत नाही, पण ती काय खात असणार हे माहीत असतं. जगभरच्या लेअर फार्मवर असतं तेच: मका आणि सोयाबीनची पेंड, त्यावर खनिजं आणि जीवनसत्त्वांचं प्रीमिक्स. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक तपशील आहे, तो मला फार आवडतो. अंडी कडक उकडून मग तपासली होती. प्रयोगशाळेत पोचलेलं ते ग्रीक अंडं म्हणजे शिदोरीतल्या अंड्यासारखंच, सोलून खाता आलं असतं असं.

तक्ता उघडण्याआधी बलक कसा तयार होतो ते सांगायला हवं, नाहीतर आकडे कोरडे राहतील. बलकातला मेद अंडाशयात बनत नाही. तो कोंबडीच्या यकृतात तयार होतो, प्रथिनांच्या वेष्टनातून रक्तात उतरतो आणि वाढणाऱ्या बलकात जाऊन साठतो. बलक बराच काळ अगदी बारीक राहतो आणि शेवटच्या साधारण आठ-दहा दिवसांत झपाट्यानं फुगतो. या दिवसांत तो थरावर थर चढवत वाढतो. १९०८ मध्ये अमेरिकेत सुझॅना फेल्प्स गेज आणि सायमन हेन्री गेज या दांपत्यानं कोंबड्यांना सुदान-३ नावाचा लाल रंग खाऊ घातला. हा रंग फक्त मेदात विरघळतो. अशा कोंबडीचं अंडं उकडून मधोमध कापलं की ज्या दिवशी रंग खाल्ला, त्या दिवसाचं लाल कडं बलकात दिसतं. पुढे अशा अंड्यांतून निघालेल्या पिलांच्या अंगातल्या चरबीतही तो रंग उतरलेला आढळला. कोंबडीनं कालपरवा काय खाल्लं याची नोंद बलकात राहते, असं म्हणणं त्यामुळे नुसतं अलंकारिक उरत नाही. सुरी फिरवली तर ती नोंद डोळ्यांना दिसते.

मेदाच्या बाबतीत हे खरं आहे. अंड्यातल्या सगळ्याच घटकांना ते लागू नाही. पांढऱ्या भागातली प्रथिनं कशी असावीत हे कोंबडीच्या जनुकांत ठरलेलं असतं. खाद्यात प्रथिनं कमी पडली तर ती अंडं लहान घालील किंवा घालणंच थांबवील, पण निकृष्ट प्रथिनाचं अंडं घालणार नाही. पिलाच्या दृष्टीनं बघितलं तर हा शहाणा हट्ट आहे.

आता तक्ता. दोन स्तंभ, ग्रीक अंडं आणि सुपरमार्केटचं अंडं. प्रत्येक आकडा म्हणजे एक ग्रॅम बलकात त्या मेदाम्लाचे किती मिलिग्रॅम. वाचकाची नजर स्वाभाविकपणे खाली, ओमेगा-३ च्या गटावर जाते. डीएचए: ग्रीक अंड्यात ६.६, सुपरमार्केटच्या अंड्यात १.१. डीएचए म्हणजे मेंदूच्या पेशींत आणि डोळ्यांच्या पडद्यात ठासून भरलेलं मेदाम्ल. सतरा ग्रॅमचा बलक धरला तर एका अंड्यात साधारण ११० मिलिग्रॅम आणि दुसऱ्यात जेमतेम १८-१९. त्याच गटाच्या पहिल्या ओळीत अल्फा-लिनोलेनिक आम्ल, ६.९ विरुद्ध ०.५. सगळं ओमेगा-३ मिळून १७.७ विरुद्ध १.७. दहापट.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या गटात एक नाट्य दडलेलं आहे. घोळीत किंवा गवतात डीएचए नसतं. जमिनीवरची कुठलीच वनस्पती ते बनवत नाही. पाल्यात असतं ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल, अठरा कार्बनची साखळी. डीएचएची साखळी बावीस कार्बनची आणि तिच्यात दुहेरी बंध दुप्पट. अठराचे बावीस कुठे झाले? कोंबडीच्या यकृतात. माणसाच्या शरीरात हे काम फार अडखळत होतं. कोंबडी ते बरंच बरं करते. तक्त्यातली मधली दोन मेदाम्लं, इपीए आणि डीपीए, ही त्या वाटेवरची मुक्कामाची ठिकाणं आहेत. ग्रीक अंड्यात तीही ठळक दिसतात: इपीए १.२, डीपीए २.८. सुपरमार्केटच्या स्तंभात इपीएच्या जागी नुसती आडवी रेघ आहे आणि डीपीए ०.१. म्हणजे या चार ओळी वरून खाली वाचल्या की पानापासून मेंदूच्या मेदापर्यंतचा सगळा प्रवास एकाच बलकात, टप्प्याटप्प्यानं पकडलेला सापडतो. तक्ता मांडताना हे मनात असेल-नसेल, पण कुठल्याही चांगल्या कडव्यात असते तशी चढण इथे आहे. आणि हे सगळं कोंबडी तुमच्याआमच्या न्याहारीसाठी करत नाही. एकवीस दिवसांत त्या कवचाच्या आत एका पिलाचा मेंदू तयार व्हायचा असतो. ही सामग्री त्याच्यासाठी बांधून दिलेली असते.

आता वरच्या ओळींकडे, ज्या प्रसिद्धीच्या वाट्याला आल्या नाहीत. संपृक्त मेदाम्लांचा गट. पामिटिक आम्ल ग्रीक अंड्यात ७७.६, सुपरमार्केटच्या अंड्यात ५६.७. पूर्ण गटाची बेरीज १०० च्या आसपास विरुद्ध ८० च्या आसपास. ज्या मेदाला तेव्हाचे डॉक्टर धाकात ठेवत होते, ते या रानातल्या अंड्यात जास्त निघालं! अंड्याची भलामण करायला निघालेला कोणी हौशी लेखक असता तर त्यानं हा गट गुपचूप गाळला असता. इथे तो सगळ्यात वर, पूर्ण छापलेला आहे.

पण जरा बेरजा मांडून बघितल्या तर या ओळीचा अर्थ बदलतो. ग्रीक बलकात एकूण मेदच जास्त होता. एकूण मेदाम्लांत संपृक्त किती, असं विचारलं तर दोन्हीकडे उत्तर जवळपास ३५ टक्के येतं. एका बाजूला गवत-किडे-अंजीर आणि दुसऱ्या बाजूला मका-सोया, आणि हा वाटा जागचा हललेला नाही. केंब्रिजच्या एथेल मार्गारेट क्रुकशँक यांनी १९३४ मध्ये ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये, कोंबड्यांना निरनिराळे मेद भरपूर खाऊ घालून अंड्याच्या मेदात काय फरक पडतो, याचा अभ्यास छापला होता. असंपृक्त मेदाम्लं खाद्याप्रमाणे भराभर बदलतात, संपृक्तांचा वाटा मात्र फारसा हलत नाही, असं चित्र त्यातून दिसलं होतं. पंचावन्न वर्षांनंतर, वेगळ्या देशातल्या, वेगळ्या हेतूनं तपासलेल्या अंड्यात तेच पुन्हा दिसतं. कोलेस्टेरॉलचंही साधारण असंच. खाद्य बदलून ते फार खाली आणता येत नाही. पिलाला ते लागतं आणि कोंबडी ते स्वतः बनवते.

ओमेगा-६ चा गटही नीट बघण्याजोगा आहे. मक्यात आणि सोयात भरपूर असलेलं लिनोलेइक आम्ल: ग्रीक १६, सुपरमार्केट २६. अपेक्षित. पण त्याच कुळातलं अरॅकिडोनिक आम्ल ५.४ आणि ५.०, म्हणजे जवळजवळ समसमान. कच्चा माल एकीकडे इतका जास्त असूनही तयार माल तेवढाच. हेही मेंदूला लागणारं मेदाम्ल, आणि कोंबडी ते आपल्या हिशेबानं ठरावीक पातळीवर राखते असं दिसतं. या ओळीकडे लक्ष ठेवा. तिचं महत्त्व तीन वर्षांनी कळतं.

आणि मग शेवटची ओळ, तीच ती गाजलेली. ओमेगा-६ ला ओमेगा-३ नं भागलं की ग्रीक अंड्यात १.३ आणि सुपरमार्केटच्या अंड्यात १९.४. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ओमेगा-३ विषयी जे जे लोकप्रिय लिहिलं गेलं, त्यात कुठेना कुठे ही जोडी येतेच. लक्षात ठेवायला सोपी, सांगायला नाट्यमय. सिमोपुलोसबाईंनीही पुढे हे गुणोत्तर हाच आपल्या मांडणीचा कणा केला: माणूस पूर्वी साधारण एकास एक खात होता, आता पंधरा-वीसास एक खातो. त्या मांडणीवर पोषणशास्त्रात बराच वाद आहे. ओमेगा-६ कमी करण्यात फायदा आहे की ओमेगा-३ वाढवण्यात, हे भागाकारावरून कळत नाही, असं म्हणणारे बरेच तज्ज्ञ आहेत. या बाबतीत मी टीकाकारांच्या बाजूचा आहे आणि माझा साक्षीदार याच लेखकांचा पुढचा तक्ता आहे.

त्याआधी या पत्राच्या उणिवाही मोकळेपणानं सांगायला हव्यात. एक शेत, एक हंगाम. त्याच कोंबड्या ऐन उन्हाळ्यात, गवत वाळून गेल्यावर काय देतात, याची ओळ नाही. ग्रीक कोंबडीची जात वेगळी, वय वेगळं असणार, तेही तक्त्यात शिरलेलं असणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घोळ, किडे, अंजीर, ऊन, हिंडणं यांतलं नेमकं कशामुळे हे झालं, हे पत्र सांगू शकत नाही. पत्र या साहित्यप्रकाराची ती मर्यादाच आहे. पण चांगल्या पत्रासारखं हे पत्र वाचणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. यातलं नेमकं काय, हा प्रश्न त्याच्या मनात उरतोच.

१९९२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’मध्ये त्याच दोघांचा लेख आला. विषय, तान्ह्या मुलांच्या आहारात दीर्घ साखळीच्या मेदाम्लांचा स्रोत म्हणून अंड्याचा बलक. आता तक्त्यात चार स्तंभ होते. ग्रीक आणि सुपरमार्केटचं अंडं होतंच. शेजारी मासळीची भुकटी खाल्लेल्या कोंबडीचं अंडं आणि जवस खाल्लेल्या कोंबडीचं अंडं. म्हणजे कोंबडी फार्मवरचीच ठेवून नुसतं खाद्य बदललं तर काय होतं, हे बघायची सोय झाली.

गुणोत्तरांची ओळ पाहू: ग्रीक १.३, जवस १.६, मासळी ६.६, सुपरमार्केट १९.४. भागाकारावर विश्वास ठेवणारा माणूस म्हणेल, जवसाचं अंडं ग्रीक अंड्याचं सख्खं भावंड आणि मासळीचं अंडं दूरचं. आता वरच्या ओळी बघा. जवसाच्या अंड्यात ओमेगा-३ एकूण २८, ग्रीकपेक्षा कितीतरी जास्त. पण त्यातलं २१.३ हे नुसतं अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे जवसाचं तेल जसंच्या तसं बलकात येऊन बसलेलं. डीएचए ५.१, ग्रीक अंड्याहून कमी. उलट मासळीच्या अंड्यात डीएचए ६.५, ग्रीकच्या ६.६ ला भिडलेलं. मग त्याचं गुणोत्तर बिघडलं कशानं? त्याच्या खाद्यात ओमेगा-६ चा भडिमार होता आणि लिनोलेइक आम्ल ६७.८ वर गेलं म्हणून. डीएचएच्या दृष्टीनं जे ग्रीक अंड्याच्या सगळ्यात जवळ, ते भागाकारात तिसरं आलं.

आणि ती अरॅकिडोनिक आम्लाची ओळ. ग्रीक ५.४, सुपरमार्केट ५.०, मासळी ४.४, जवस २.६. इतर ठिकाणी कोंबडीनं साधारण राखलेली पातळी जवसानं निम्म्यावर आणली. कारण समजण्यासारखं आहे. ओमेगा-३ आणि ओमेगा-६ या दोन्ही कुळांची साखळी लांबवणारी विकरं एकच. एका कुळाची गर्दी झाली की दुसऱ्याला वाट मिळत नाही. तान्ह्या मुलाला डीएचए आणि अरॅकिडोनिक आम्ल दोन्ही लागतात, आणि लेखाचा विषय तर तान्ह्या मुलांचा. चारही स्तंभांत दोन्ही मेदाम्लं एकदम चांगल्या पातळीवर ठेवणारी अंडी ग्रीक आणि मासळीची. हे १.३ आणि १.६ या आकड्यांतून कधीच दिसलं नसतं.

बाजारानं मात्र जवस निवडलं, आणि व्यवहारात ते बरोबरच होतं. मासळीच्या भुकटीनं अंड्याला वास येतो. सकाळच्या आम्लेटला बोंबलाचा दर्प आला तर कोकणातला माणूसही नाक मुरडील. नव्वदच्या दशकात कॅनडात जवसाच्या अंड्यांनी जम बसवला. तिथे जवस मुबलक पिकतं. आज ओमेगा-३ म्हणून डब्यात विकली जाणारी बरीच अंडी जवसाच्या किंवा सागरी शैवालाच्या जोरावर उभी आहेत. गंमत अशी की मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीवरच्या पत्रानं जो शोध मार्गी लावला, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग पिंजऱ्यातल्या कोंबडीला झाला. तिला हिंडू द्यायची गरज नाही, खाद्यात जवस मिसळलं की झालं, असा त्या चार स्तंभांचा एक अर्थ उद्योगानं काढला. तो चुकीचाही नव्हता. अपुरा होता, इतकंच.

जवसालाही आपले नखरे आहेत. विदर्भात ज्यांच्या घरी जवसाची चटणी जेवणात असते, त्यांना ठाऊक असतं की कुटलेलं जवस चार दिवस उघडं राहिलं की खवट होतं. कोंबडीच्या खाद्यातही तेच. हे तेल हवेशी लवकर संयोग पावतं, म्हणून अशा खाद्यात ई जीवनसत्त्व वाढवून द्यावं लागतं. नाहीतर खाद्यही बिघडतं आणि अंड्यालाही रंगासारखा वास चढतो. जवसात चिकट बुळबुळीत पदार्थ असतो, सायनाइड सोडणारी संयुगं थोडी असतात आणि बी-६ जीवनसत्त्वाला विरोध करणारं एक द्रव्यही असतं. त्यामुळे खाद्यात त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर नेलं की कोंबडी कमी खाते, वजन उतरतं, अंडी घटतात. शिवाय नेऊनही उपयोग नसतो. जवस वाढवत गेलं तर बलकातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल वाढत जातं, पण डीएचए एका अंड्यामागे ८०-१०० मिलिग्रॅमच्या आसपास येऊन थबकतं. यकृताची रूपांतर करायची ताकद तेवढीच. त्यापुढे जायचं तर तयार डीएचएच खाऊ घालावं लागतं, मासळीतून किंवा शैवालातून.

आपल्याकडे या तक्त्याचा हवाला देऊन गावरान अंड्याचं माहात्म्य सांगितलं जातं, तेव्हा मला तो पहिला स्तंभ पुन्हा दाखवावासा वाटतो. ग्रीक अंड्याला जे मिळालं ते गावामुळे नाही, बहुधा पाल्यामुळे आणि किड्यांमुळे. श्रावणात ओलसर परसात, हिरव्या बांधावर फिरणारी तलंग आणि वैशाखात तापल्या अंगणात तांदळाच्या कण्यांवर, उरल्या भाकरीच्या तुकड्यांवर दिवस काढणारी तीच कोंबडी, यांची अंडी एका टोपलीत सारख्याच दरानं विकली जातात. दोन्ही गावरानच. मेदाम्लांचा तक्ता मांडला तर त्यांच्यात अंतर पडेलच. कण्यांत आणि भाकरीत ओमेगा-३ नावापुरतंच असतं. परसातल्या कुक्कुटपालनासाठी गिरिराज किंवा वनराज यांच्यासारख्या सुधारित जाती घेणाऱ्यांना पिलांबरोबर लसीकरणाचं वेळापत्रक मिळतं, ते हवंच. त्या यादीत बांधावरची घोळ आणि मूठभर भरडलेलं जवस यांनाही जागा असायला हरकत नाही. मात्र तणनाशक मारलेल्या शेताची घोळ कोंबड्यांना टाकू नये, हेही तिथेच लिहायला हवं.

मेदाशिवाय अंड्यात काय काय खाद्यानुसार बदलतं, ते या पत्राच्या कक्षेबाहेरचं आहे, पण थोडक्यात सांगतो. अ, ड, ई ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वं, तसंच आयोडीन आणि सेलेनियम, खाद्यात वाढवली की अंड्यात वाढतात. बी-२ वाढतं, पण त्याला वाहून नेणारं एक खास प्रथिन असतं. ते भरलं की पुढे नाही. बलकातल्या लोहात आणि कॅल्शियममध्ये खाद्यानं फारसा फरक पडत नाही. कोंबडीला शिंपल्यांचा चुरा घालतात तो कवचासाठी. क जीवनसत्त्व अंड्यात मुळातच नसतं. पिलू ते स्वतः बनवतं.

आणि एक ओळ तक्त्यात नाही, ती म्हणजे रंगाची. गिऱ्हाईक मात्र अंडं फोडून तेवढीच ओळ वाचतं. गडद नारिंगी बलक दिसला की गावरान, फिक्कट दिसला की फार्मचं. कोंबडीला हा रंग स्वतः बनवता येत नाही. ल्युटीन आणि झिॲझँथिन ही रंगद्रव्यं तिला पिवळ्या मक्यातून, हिरव्या पाल्यातून घ्यावी लागतात. मक्याऐवजी ज्वारी, बाजरी किंवा कणी दिली तर बलक पांढुरका पडतो, मग बाकी खाद्य कितीही चांगलं असो. उलट झेंडूच्या फुलांचा अर्क खाद्यात मिसळला की हवा तितका नारिंगी बलक मिळतो. रंग मोजायला या धंद्यात पंख्यासारख्या उघडणाऱ्या रंगीत पट्ट्या वापरतात, फिक्या पिवळ्यापासून गडद केशरीपर्यंत क्रमांक दिलेल्या. ल्युटीन डोळ्यांना चांगलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण डीएचए, अल्फा-लिनोलेनिक, अरॅकिडोनिक ही सगळी आम्लं बिनरंगाची आहेत. झेंडूनं सुपरमार्केटच्या अंड्याला पट्टीवर चौदावा क्रमांक मिळवून दिला, तरी त्याच्या स्तंभातलं १.१ हे १.१ च राहतं.